मृगाआधी आढं

सतरंजीवर जागोजागी उन्हाचे कवडसे पडले आहेत. सगळ्यांत मोठा, चांगला भाकरीएवढा, बचतीच्या वहीवर आहे. सचिव असलेल्या वहिनी थोड्या थोड्या वेळानं वही डावीकडे सरकवतात आणि कवडसा तिच्या मागोमाग येतो. वर कुणी पाहत नाही. वर काय आहे ते सगळ्याजणींना ठाऊक आहे.

बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीची पाळी या खेपेला आजींच्या घरी आली आहे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून अर्धा तास चढून गेल्यावर ही वाडी लागते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. खाली धरणाचं पाणी मागे हटलंय आणि काठाची लाल माती रुंद पट्ट्यासारखी उघडी पडली आहे. भाताचे राब भाजून झालेत. मृगाला दहा-बारा दिवस उरलेत. पुणे शहरात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीच्या या पट्ट्यात तो पाच हजारांच्या पुढे जातो. त्यामुळे इथं घराचा विचार छपरापासून सुरू होतो. भिंत, जमीन, दार हे सगळं नंतर.

मी पडवीच्या कडेला, खांबाला टेकून बसले आहे. गटांना मदत करणाऱ्या ज्या सीआरपी ताईंबरोबर मी पौडहून आले, त्यांनी मला आधीच बजावलंय, ‘पैशाचं बोलणं सुरू झालं की तुम्ही मधे बोलायचं नाही.’ मी मान डोलावली आहे.

माजघराच्या मधोमध एक ताजा बल्ला उभा केलेला दिसतो. साल अजून ओली आहे. त्यानं आढ्याला टेकू दिलाय. आढं म्हणजे छपराचा कणा. दोन्ही पाखांचे वासे त्यावर येऊन टेकतात, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. आजींच्या सासऱ्यांनी घातलेलं हे आईनाचं आढं मधोमध वाळवीनं खाल्लंय. हात लावला की भुसा गळतो. आढं बसलं तसे वासे सरकले, वासे सरकले तशी कौलांची ओळ फाकली आणि त्या फटींतून आलेलं ऊन आता बचतीच्या वहीवर पडलंय. दहा-बारा दिवसांनी त्याच वाटेनं पाणी येईल. घराच्या भिंती मातीच्या आहेत. कौलाखालून आलेलं पाणी भिंतीत मुरलं की ती आतून फुगते आणि एका रात्री बसते. म्हणजे आज जे काम एका लाकडाचं आणि दोन-तीनशे कौलांचं आहे, ते श्रावणापर्यंत अख्ख्या घराचं होईल.

प्रार्थना झाली. हजेरी झाली. अकरापैकी अकरा. वहिनी नाव घेतात, बाई शंभराची नोट पुढे सरकवते, वहीत आकडा पडतो. ज्यांच्याकडे कर्ज आहे त्या हप्ता आणि व्याज वेगळं मोजून ठेवतात. व्याज शेकडा एक रुपया महिना. ते गटातच राहतं, म्हणजे फिरून त्यांचंच. गट सहा वर्षांचा आहे. सहा वर्षं दर महिन्याला अकराशे, त्यावर ‘उमेद’ अभियानाकडून मिळालेला फिरता निधी आणि व्याज. बहुतेक पैसा कायम कुणाच्या ना कुणाच्या घरात खेळत असतो. पेटीत फार काही नसतं आणि पेटी रिकामी असणं हीच गट चांगला चालल्याची खूण, असं ताई सांगतात.

‘पेटीतलं न् आजचं मिळून साडेअकरा हजार,’ वहिनी मोठ्यानं वाचतात. ‘बँकेत एकवीस. साडेबत्तीस हजार झाले. मागणी कुणाकुणाची?’

आजी सगळ्यांत मागे, उंबऱ्यापाशी बसल्या आहेत. स्वतःच्या घरात त्या पाहुण्यासारख्या बसल्या आहेत. त्या आधी बोलत नाहीत. पुढे बसलेली तिशीची एक बाई, जिला सगळ्या ‘धाकटी’ म्हणतात, ती बोलते. ‘मला पंचवीस पायजेत. घरकुलाला.’

ही मागणी समजून घ्यायला मला थोडा वेळ लागतो. घरकुल मंजूर झालंय, मग कर्ज कशाला? धाकटी वाडीच्या खाली, गावठाणात राहते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये तिचं नाव आलंय. सर्वसाधारण भागाला 1 लाख 20 हजार रुपये, वर स्वतःच्या घरावर काम केल्याची रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार. राज्य सरकारनं 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर जाहीर केली. त्यातले 35 हजार बांधकामाला, 15 हजार छतावरच्या सौर संचाला. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण ती एकदम येत नाही. मंजुरीनंतर पहिला हप्ता 15 हजारांचा. मग जोतं बांधून दाखवायचं, अभियंता येऊन मोबाइलवर फोटो काढणार, त्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश उमटणार, तो वर गेला की पुढचा हप्ता. भिंत उठली की पुन्हा फोटो, पुन्हा हप्ता.

‘आधी बांधायचं, मग पैसं,’ धाकटी म्हणते. ‘पंधरा हजार पाया खणण्यात न् दगडात गेलं. जोत्याला शिमीट, खडी, गवंड्याची मजुरी. वाळू फुकट म्हनत्यात, पर हितवर आणायचं टेंपोचं भाडं कोन देणार? जोतं झाल्याबिगर फोटू न्हाई, फोटूबिगर हप्ता न्हाई. जुनं घर तर मोडून बसलोय. ताडपत्रीखाली हाय आमी.’

कुणी काही बोलत नाही. तिचं म्हणणं खरं आहे. फोटोची अट चोरी थांबवायला आहे, तेही खरं. पण त्या दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या जागेत ज्याच्याकडे आधीच थोडे पैसे आहेत तोच तरतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचं जोतं अर्ध्यावर राहतं आणि त्यावर पावसाळ्यात गवत उगवतं. अशी दोन जोती मी चढताना पाहिली. तेव्हा मला ती जुन्या घरांची वाटली होती.

दुसरी मागणी सहा हजारांची, मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची. ती चटकन मांडली जाते.

‘आजी, तुमी?’ वहिनी विचारतात.

‘मला यीस लागतील असं वाटतं,’ आजी म्हणतात. आणि मग, कुणी न विचारता, ‘देऊ नका हवं तर. पोरीचं आधी बघा.’

एक काकू फटकन म्हणतात, ‘आवो, वर बगा तरी. काय बोलताय!’

आणि पहिल्यांदाच अकराही जणी वर बघतात.

आजींना घरकुल का मिळालं नाही, हे मी सकाळीच त्यांना विचारलं होतं. त्यांनी चुलीपुढून न उठता एका वाक्यात सांगितलं, ‘घर माजं हाय, भुई माजी न्हाई.’ या वाक्यामागे शंभर वर्षं आहेत. टाटांच्या वीजधरणासाठी मुळा खोऱ्यातली गावं बुडणार म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्यानं दिली. लढा तीन वर्षं चालला, धरण झालंच. पाणी चढलं तशी माणसं वर सरकली आणि डोंगराच्या उतारावर पुन्हा घरं बांधून राहिली. काठाच्या कित्येक वस्त्यांत आजही घराखालची जमीन कागदावर राहणाऱ्याच्या नावे नाही. घर चौथ्या पिढीचं, पण घरकुलाला लागते ती स्वतःची जागा नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून बेघरांना 500 चौरस फुटांपर्यंत 1 लाख रुपये मिळू शकतात. पण ज्या तालुक्यात शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी डोंगर विकले जातात, तिथं गुंठ्याचा भाव विचारायलाही आजींसारखी बाई धजत नाही.

आणि आजींना नवं घर नकोच आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना हेच घर हवंय, फक्त न गळणारं. घरकुल योजना नवं पक्कं घर देते. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेलाही थोडी रक्कम ठेवलेली असे. आताच्या योजनेत तसं कलम नाही. पावसानं घर पडलं तर तलाठी पंचनामा करतो. कच्च्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली असेल तर 4 हजार रुपये मदत मिळते. म्हणजे भिंत बसल्यावर चार हजार. बसू नये म्हणून आज आढं बदलायचं असेल तर त्याला कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नाही.

बँक? घरदुरुस्तीला बँका कर्ज देतात, पण तारणावर. गावातल्या घराला बहुधा खरेदीखत नसतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो आणि तो कराच्या नोंदीचा कागद आहे, मालकीचा नाही. हे मी माझ्या माहेरच्या घरावरून शिकले. वडिलांच्या पश्चात मागची भिंत ढासळली तेव्हा आई तोच उतारा घेऊन एका बँकेत तीनदा गेली. चौथ्यांदा ती सराफाकडे गेली आणि पाटल्या गहाण टाकून आली. स्वामित्व योजनेत आता ड्रोननं गावठाणं मोजली जातात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. महाराष्ट्रातल्या या मोजणीचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला. ती पत्रिका हातात पडली असती तर आईच्या पाटल्या वाचल्या असत्या. आजींना तिचा उपयोग नाही, कारण मोजणी गावठाणाची होते आणि त्यांचं घर गावठाणात नाही.

सकाळी पुण्याहून येताना भूगाव, पिरंगुट ओलांडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गृहकर्जाचे फलक होते. हाच मुळशी तालुका. हिंजवडीही याच तालुक्यात. तिथं नोकरी करणाऱ्या तरुणाला पगाराच्या स्लिपवर पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज मिळतं. उत्पन्न कमी असेल तर शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या कर्जावर, पहिल्या 8 लाखांना 4 टक्के, असं 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याजाचं अनुदान आहे. ते असावंच. आजींचा नातू तिथंच एका इमारतीत रखवालदार आहे. चौघांत एक खोली भाड्यानं घेऊन राहतो, त्याला तो आधार कधी मिळाला तर मला आनंदच होईल. पण या रस्त्यानं चाळीस किलोमीटर वर आलं की घराच्या पैशाचं सगळं बोलणं गटाच्या या निळ्या पेटीपाशी येऊन थांबतं.

‘फेडणार कसं, ते सांगा आजी,’ अध्यक्ष असलेल्या आत्या विचारतात. आवाजात मऊपणा नाही, नसावाच. त्यांना अकरा जणींचे पैसे सांभाळायचे आहेत.

आजींनी हिशेब करून ठेवलाय. निराधार योजनेचे दीड हजार येतात. जांभळं-करवंदं संपत आलीत, पण श्रावणात रस्त्यावर मक्याची कणसं भाजायला बसता येईल. कोंबड्या आहेत. इंद्रायणीचं भात दिवाळीनंतर हाती येईल. ‘दिवाळीपातूर महिन्याला पाचशे. मग भात इकून एकदम चार-साडेचार हजार. पुढं हजार-हजार.’

वहिनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करतात. वीस हजार. पंचवीस हजार. सहा. बेरीज एक्कावन्न. हातात साडेबत्तीस.

आता पडवीत जे सुरू होतं त्याला वाद म्हणता येणार नाही. मधे मोठमोठे खंड पडतात. एकजण म्हणते, धाकटीला आधी द्या, तिचा हप्ता आला की ती लगेच परत करील, पैसा लवकर फिरेल. हे हिशेबाला धरून आहे. दुसरी म्हणते, ताडपत्रीखाली लहान लेकरू आहे. तिसरी म्हणते, आणि इथं छप्पर पडलं तर म्हातारी आत असेल. मग पुन्हा शांतता. कुणीतरी पदरानं वारा घेतं. धाकटी नखानं सतरंजीचा दोरा उकरत राहते.

कोपऱ्यातली एक बाई, जी आतापर्यंत एकदाही बोललेली नाही, ती म्हणते, ‘आमच्या पडक्या घराचं आढं हाय. सागाचं. गोठ्यामागं पडलंय पाच वर्सं. लांबीला भरंल का बगा.’

‘किती मागशील?’

‘लाकडाचं काय मागू. न्हेऊ द्या.’

त्या एका वाक्यानं वहीतले आकडे हलतात. नवं लाकूड घ्यायचं नाही म्हटल्यावर आजींच्या वीस हजारांत काय उरतं, ते सगळ्या मिळून बोटांवर मोजतात. सुताराची तीन दिवसांची मजुरी. दहा-बारा वासे. रिपा. कौलं फुटकी किती, सरकलेली किती. सरकलेली पुन्हा बसतील. पावसाच्या अंगाच्या भिंतीला झडीसाठी पत्रा. पूर्वी तिथं गवताची झड बांधत. आता गवत कापायला आणि बांधायला घरात माणूस नाही, म्हणून पत्रा. कौलं उतरवायला आणि चढवायला मजूर लावायचा नाही. रविवारी इर्जिक करायची, घरटी एक माणूस. आजींनी फक्त जेवण घालायचं.

‘सतरात होईल,’ आजी म्हणतात.

‘धाकटीला बारा,’ आत्या सांगतात. ‘पोरीच्या प्रवेशाला तीन, बाकीचे तिच्या मामाकडं माग. पुढच्या महिन्याला जमतील ते धाकटीला पयले. चालंल का?’

धाकटी लगेच हो म्हणत नाही. बारा हजारांत जोतं पुरं होणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि आत्यांनाही. जोतं मृगाआधी झालं नाही तर हप्ता पाऊस उघडेपर्यंत लांबेल आणि ती, तिचा नवरा आणि लेकरू चार महिने ताडपत्रीखाली राहतील. हा निर्णय तिच्या लेकराच्या वाट्याचा कोरडेपणा काढून घेणारा आहे. तो चूक आहे असं मला वाटत नाही. बरोबर आहे असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. अकरा बायकांनी शंभर-शंभर रुपये जमवून दोन घरांमधून एकाची निवड करावी, ही पाळीच त्यांच्यावर यायला नको होती. शासनाला हे काही अवघड नाही. जोत्याआधीचा हप्ता मोठा करता येईल, दुरुस्तीसाठी पंचवीस-तीस हजारांचं छोटं बिनतारणी कर्ज याच गटांच्या मार्फत देता येईल. परतफेडीची हमी म्हणून ही वही पुरेशी आहे. सहा वर्षांत एकही हप्ता बुडालेला नाही, हे मी तिच्यात डोळ्यांनी पाहते आहे.

‘चालंल,’ धाकटी म्हणते. आणि थोड्या वेळानं, ‘आमच्याकडनं धनी येतील रव्वारी.’

सीआरपी ताई आता पहिल्यांदा बोलतात. ग्रामसंघाकडे समुदाय गुंतवणूक निधीतून मागणी टाकता येईल, ठराव आजच लिहा, मी उद्या पुढे देते. बँकेच्या कर्जासाठीही गटाची फाइल तयार करू. धाकटी त्यांच्याकडे बघते. तिच्या चेहऱ्यावर आशा नाही, पण ती ऐकते आहे. वहिनी इतिवृत्त लिहायला घेतात. ‘ठराव क्रमांक दोन. घराच्या छप्पर दुरुस्तीसाठी रुपये सतरा हजार अंतर्गत कर्ज…’ कवडसा आता वहीवरून सरकून त्यांच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांवर आला आहे.

आजींना सही करायला बोलावतात. त्या पदराला हात पुसून पुढे येतात. गटात येण्याआधी त्या अंगठा लावत. आता त्या प्रत्येक अक्षर वेगळं काढतात, जणू अंगणात रांगोळीचे ठिपके ठेवतायत. पेटीतल्या साडेअकरातले अकरा हजार त्यांच्या हातात पडतात. उरलेले सहा बँकेतून काढायचे. त्यासाठी अध्यक्ष आणि सचिव दोघींनी उद्या सकाळच्या गाडीनं पौडला जायचं ठरतं. धाकटीचे आणि मुलीच्या प्रवेशाचेही तेव्हाच.

आजी नोटा मोजत नाहीत. त्या तशाच कपाळाला लावतात आणि देव्हाऱ्यातल्या हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवतात. मग चहा होतो, कोरा, गुळाचा.

बायका उठायला लागतात. ज्या बाईनं सागाचं आढं देऊ केलं, ती जाताना माजघरात शिरते, टेकूच्या बल्ल्यापाशी उभी राहून वर बघते आणि कमरेचा पदर सोडून त्यानंच भिंतीपासून भिंतीपर्यंत अंतर मोजते. किती पदर आणि किती वीत, ते तोंडानं पुटपुटत. ‘वीतभर कमी पडंल वाटतं,’ ती आजींना सांगते.

‘मग?’

‘मग टोकाला जोड देतील. सुताराला इचारते.’

पश्चिमेला, घाटमाथ्यावर, ढग काळवंडून आलाय. वळीव येणार. आजी एका हातात चहाचा पेला धरून दुसऱ्या हातानं कणगीवर कांबळं पसरतात, पिठाचा डबा टेकूच्या पलीकडे ढकलतात आणि घरातली सगळी भांडी एकेक करून कवडशांच्या जागी मांडू लागतात. कुठलं भांडं कुठं ठेवायचं, यासाठी त्यांना वर बघावं लागत नाही. धाकटी पायरीवर चपला घालता घालता थांबते, परत आत येते आणि मोठं घमेलं उचलून मगाशी ती बसली होती त्या जागी ठेवते.

‘तुझी ताडपत्री बांदली का नीट?’ आजी विचारतात.

‘बगते जाऊन,’ ती म्हणते आणि उतारावरून धावत निघते.